लर्निंग सेंटरचा रिव्ह्यू : चार स्टार, पाचवा का कापला ते पण सांगतो

हे कोल्हापूरचं सेंटर, लिहायवाचायला अडणाऱ्या पोरांची तपासणी आणि शिकवणी करतात. आधीच सांगतो रिव्ह्यू मोठा आहे. ज्यांना फक्त पार्किंग आणि फी बघायचीय त्यांच्यासाठी, दुचाकीला जागा आहे, चारचाकी गल्लीत घालू नका, रिव्हर्स काढताना घाम फुटतो. तपासणीचे 4500 घेतले, नंतर शिकवणीच्या एका तासाला 400, आणि तास म्हणजे 45 मिनिटं. झालं. बाकीचं सगळं ज्यांच्या घरात पोरगं वाचत नाही म्हणून रोज संध्याकाळी रडारड चालते त्यांच्यासाठी.

आम्ही जयसिंगपूरचे, कोल्हापूरला जाऊन येऊन करतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतीचे पंप, घरातल्या पाण्याच्या मोटारी, अडीअडचणीला मिक्सर पण. पोरगं नऊ वर्षांचं, चौथीत, मराठी मीडियम. खरं नाव टाकत नाही, सोन्या म्हणतो. तर हा सोन्या कसा, की पाच एचपीची मोटार टेबलावर आली की वास घेऊन सांगतो पप्पा वाइंडिंग जळलंय की नुसतं बेरिंग गेलंय, आणि निम्म्याच्या वर वेळा बरोबर निघतं. आणि तेच पोरगं बालभारतीचं पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत तहान लागते, मग मुतायला लागतं, मग पोटात दुखतं.

आम्हाला तिसरीपर्यंत कळलंच नाही कारण पोरगं सगळा धडा पाठ करायचं. आई एकदा वाचून दाखवायची, हा ऐकायचा आणि नंतर पुस्तक समोर धरून धडाधडा म्हणायचा, आम्ही खूश. एक दिवस बायकोच्या लक्षात आलं की बोट एका ओळीवर आणि तोंड तिसऱ्या ओळीवर, आणि पान उलटायची वेळ झाली तरी ह्याचं धडा म्हणणं चालूच. शाळेत विचारलं तर लक्ष नाही, आळस आहे, मोबाईल बंद करा. मोबाईल बंद केला. जंताचं औषध दिलं दोनदा, कारण दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं, सोनोग्राफी पण झाली, काही नाही. माझ्या आईनं दृष्ट काढली. मग एका रात्री झोपताना पोरगं आईला म्हणालं, मी ढ आहे ना गं. तेव्हा मात्र आम्ही गाडी काढली.

सेंटरचं बघा, अपॉइंटमेंट 11 ची होती, आत घेतलं 12:20 ला. हे दर वेळी होतं, आता आम्ही डबा घेऊनच जातो. बसायला लांब बाकडं आहे आणि त्या एका बाकावर सगळ्या वयाची माणसं, अजून बोलायला न लागलेलं तीन वर्षांचं पोर कानाला हेडफोन लावून, पलीकडं कॉलेजची पोरगी हात चोळत बसलेली, आणि एक म्हातारे आजोबा, कारण वरच्या मजल्यावर विसरभोळेपणाची तपासणी असते. आजोबांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलेलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणून, आणि त्यांनी बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिलेले. त्यांची सून कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होती. सोन्यानं ते बघितलं आणि मला हळूच म्हणाला पप्पा ह्यांना पण येत नाही. काय बोलणार.

तपासणीच्या आधी डोळे आणि कान तपासून रिपोर्ट आणायला लावतात. मला पहिल्यांदा वाटलं हे कमिशनचं काम दिसतंय, पण तसं नाही, कुठं करायचं ते तुमच्यावर सोडतात आणि ते बरोबरच आहे. कमी दिसत असेल, कमी ऐकू येत असेल तर वाचायचा त्रास त्यानं पण होतो, ते आधी बाजूला काढायला लागतं. आम्ही पण मोटारीचं वाइंडिंग उकलायच्या आधी सप्लाय आणि कपॅसिटर बघतोच की.

मग दोन दिवस सकाळी तपासणी. एक बुद्ध्यांकाची, मालिन म्हणून साहेब होते त्यांनी नागपूरला 1969 मध्ये आपल्याकडच्या मुलांसाठी बसवलेली, त्यात बोलायचे प्रश्न पण असतात आणि ठोकळे जुळवायचं, चित्रातलं काय राहिलंय ते ओळखायचं असं पण असतं. ठोकळ्यात सोन्यानं तपासणाऱ्या मॅडमना घड्याळ बघायला वेळ दिला नाही म्हणे. मग वाचायची, लिहायची, गणिताची तपासणी, आणि ती मराठीत, हे महत्त्वाचं. कुठंही जाल तिथं आधी हे विचारा, कारण मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजी उतारा देऊन डिस्लेक्सिया (म्हणजे डोकं ठीक असून वाचायला अडणं) आहे म्हणून सांगणारे पण आहेत, अरे बाबा त्याला इंग्रजीच येत नाही. मॅडम म्हणाल्या दिल्लीजवळ मानेसरला मेंदूच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांनी डाली नावाच्या चाचण्या खास आपल्या भाषांसाठी बनवल्यात, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी, पहिली दुसरीला वेगळी आणि तिसरी ते पाचवीला वेगळी.

मला आत बसू दिलं नाही पण दाराला काच आहे. पोराला विचारलं कमळ म्हण, आता त्यातला म काढून टाक, काय राहिलं. आपण लगेच कळ म्हणतो. सोन्या छताकडं बघत बसला. मग चित्रांची ओळ, पटापट नावं घ्यायची, बादली, चावी, पान, परत चावी, नावं सगळी माहिती आहेत पण तोंडापर्यंत यायला वेळ लागतोय. आणि शेवटी बिनअर्थाचे शब्द वाचायला दिले, टमोळ, गिरफू असलं काहीतरी, आणि तिथं आमचं पाठांतर उघडं पडलं, कारण टमोळ कुणी पाठ करून घेतलेला नसतो. पोरगं ट वर थांबलं ते थांबलंच. मी काचेतून बाजूला झालो.

निदान काय तर लिहिण्यावाचण्याची विशिष्ट अध्ययन अक्षमता, बुद्ध्यांक 108. म्हणजे डोकं व्यवस्थित आहे, अक्षर बघून त्याचा आवाज पकडायचा जो रस्ता आहे तो अरुंद आहे. मॅडमनी पंधरा मिनिटं नीट समजावलं, मिसेसनी चार चार वेळा विचारलं तरी वैतागल्या नाहीत, ह्याला पूर्ण मार्क. पण रिपोर्ट हातात आला तो 9 पानं आणि सगळा इंग्रजीत. आता बोला. पोराचं मराठी तपासलं, आईबाप मराठी, शाळा मराठी, आणि कागद इंग्रजी. वर्गशिक्षिकेला दिला तर त्यांनी पहिलं पान बघून ड्रॉवरमध्ये टाकला, त्यांचा दोष नाही म्हणत मी. मेव्हण्याच्या मुलीकडून मराठी करून घेतला, त्यातल्या दोन पानांतच वर्गात काय करायचं ते लिहिलेलं, फळ्याजवळ बसवा, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावू नका, उत्तर तोंडी घ्या. ही दोन पानं मराठीत द्यायला काय जात होतं? एक स्टार इथं गेला.

रिसेप्शनवर ब्रेन पॉवरच्या कोर्सची पॅम्प्लेट ठेवलेली असतात, डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवतो वगैरे, 18000 रुपये. पोराला डोळे उघडे ठेवून वाचता येईना आणि हे पट्टी बांधून वाचायला लावणार. मी मॅडमना विचारलं तर म्हणाल्या आमचा काही संबंध नाही, कुणीतरी ठेवून जातं. मग उचलून टाका की. गेल्या महिन्यापर्यंत तिथंच होती.

आता मेन गोष्ट, शिकवणाऱ्या बाई. हे सेंटर जे काही आहे ते ह्या बाईंमुळं आहे. भिंतीवर त्यांचा पुनर्वास परिषदेचा, म्हणजे विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी नंबर लावलाय, तो कुणीही तपासू शकतं, विशेष शिक्षक म्हणून काम करायला तो लागतोच, कुठंही जावा आधी तो विचारा. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तकच काढलं नाही. एक स्टीलचं ताट, त्यात रवा, आणि म्हणाल्या ह्यात बोटानं ग काढ, काढताना मोठ्यानं ग म्हण, ग ची एक रेघ इकडची तिकडं केली की म, मग भ, मग न. गमभन. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली ही तर आमची धूळपाटी, आम्ही मातीत शिकलो, ह्याचे 400 घेतात? मी म्हणलं आई तुझ्या मास्तरांनी छडी पण दिली असेल, इथं तेवढी नाही.

आणि र. मला एवढं वय झालं तरी कुणी हे सांगितलं नव्हतं की र हे मराठीतलं सगळ्यात बेरकी अक्षर आहे. सुटं असलं की साधं र. प ला चिकटलं की पोटात तिरकी रेघ, प्र. ट ला चिकटलं की पायाखाली टोपी, ट्र. आणि सूर्यात गेलं की थेट डोक्यावर चढून बसतं, ते पण पुढच्याच्या डोक्यावर, म्हणजे बोलताना र आधी येतो पण डोळ्याला य दिसतो आणि र त्याच्या बोडक्यावर. वर अजून एक भानगड, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. (हे दोन शब्द मिसेसनी टाइप केलेत, मी बोललो तर फोन दोन्ही वेळा एकच लिहितो. हो, बोलून टाइप करतोय, कारण खाली आहे.) पहिली वेलांटी पण तसलीच, हातानं आधी वेलांटी काढायची आणि तोंडानं आधी क म्हणायचा. ज्या पोराची अक्षर आणि आवाज ह्यांची गाठच बसत नाही त्यानं काय करायचं? बाईंनी र चे सगळे अवतार पुठ्ठ्याचे कापून दिले आणि सोन्याला म्हणाल्या हा एकच माणूस आहे, कपडे बदलून येतो, तू पकडायचास. आठवडाभर घरात पोरगं पेपरात र पकडत फिरत होतं, पेपर वाचत नव्हतं, नुसता पेनानं र ला गोल, पण पेपर हातात होता हो.

ढ ची गोष्ट पण बाईंनीच मिटवली. त्यांनी सांगितलं की बाकीची अक्षरं दोन हजार वर्षांत कितीतरी बदलली पण ढ अशोकाच्या शिलालेखात होता जवळजवळ तसाच आहे, बदललाच नाही म्हणून मग न शिकणाऱ्याला ढ म्हणायला लागले म्हणे. सोन्याला ह्यातलं एवढंच आवडलं की ढ सगळ्यात जुना आहे. आता तो चिडवणाऱ्याला सांगतो अशोकाला विचार जा.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी कधी विसरणार नाही. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं एका 14 वर्षांच्या पोराबद्दल लिहून ठेवलंय, नाव पर्सी. पोरगं चलाख, खेळात पुढं, बीजगणित सोडवायचं, पण स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर पर्सीचं प्रेसी करून ठेवायचं. म्हणजे तिकडं पण र नंच घोटाळा केला बघा. आणि त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिकवणं तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. सोन्यानं विचारलं त्याला मारायचे का? बाई म्हणाल्या ते लिहिलेलं नाही.

आता माझं. पहिल्याच दिवशी फॉर्म भरून घेताना त्यांनी विचारलेलं, घरात अजून कुणाला लिहायवाचायचा त्रास आहे का, कारण हे घराण्यात चालत येतं. मी पटकन म्हणलं नाही. मिसेस काही बोलल्या नाहीत, बांगडी फिरवत बसल्या. परत येताना हातकणंगल्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाल्या, अहो, बँकेचा फॉर्म घरात कोण भरतं? मी म्हणलं तू. वीज मंडळाचा अर्ज? तू. लग्नपत्रिकेवरची नावं कुणी तपासलेली? मी चहा संपवला.

दहावीला 1999 मध्ये मराठीत 27 मार्क पडले होते, गणितात 71. मराठी माणूस मराठीत नापास म्हणून घरात गल्लीत सगळे हसले, मी पण हसलो, आणि ऑक्टोबरला परत बसलोच नाही, रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. तिथं काही अडलं नाही, कारण आकडे मला कधी दगा देत नाहीत, किती स्लॉट, किती टर्न, कुठल्या गेजची तार, एकदा मोजलं की डोक्यात. डायरीत गिऱ्हाइकाचं नाव मात्र मी लिहीत नाही, चित्र काढतो. मोरेंना पिसारा, सूर्यवंशींना सूर्य, ज्याचं चित्र निघत नाही त्याचा मोबाईल नंबर. वीस वर्षं कुणाला कळलं नाही, लोक म्हणायचे कलाकार माणूस आहे. आणि मी सोन्याला दोनदा मारलेलं आहे वाचत नाही म्हणून. हे लिहायचं की नाही ह्यावर काल घरात बोलणं झालं, मिसेस म्हणाल्या लिहा.

तर मी बाईंना तिसऱ्या महिन्यात सांगितलं. त्यांना काही आश्चर्य वगैरे वाटलं नाही. म्हणाल्या मोठ्यांचं पण असतं, हे वयाबरोबर जात नाही, माणूस रस्ते काढतो एवढंच, तुम्ही चित्राचा काढलात. मला तपासून घ्यायचं असेल तर तिथं करतात, मी अजून केलेलं नाही, काय फरक पडणार ह्या वयात. पण शुक्रवारी सोन्याचा तास असतो तेव्हा मी आता बाहेरच्या बाकावर बसत नाही, आत मागं बसतो.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं बरेच जण विचारतात म्हणून, सेंटरचा रिपोर्ट म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, ते सरकारी दवाखान्याच्या मंडळाकडून घ्यायला लागतं, इथं फक्त कागद कसे लावायचे ते सांगतात आणि नीट सांगतात. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात हे नव्हतंच, 2016 च्या कायद्यात 21 झाले तेव्हा हे आलं, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम पण त्यातच आली. आठ वर्षांच्या आत देत नाहीत, आणि 2018 च्या नियमात परत 14 ला आणि 18 ला तपासणी सांगितलीय, 18 नंतरचं कायमचं. दहावीला त्यावर जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुका धरत नाहीत. माझे भाऊ म्हणाले पोराच्या कपाळावर शिक्का कशाला मारून घेता. शिक्का माझ्या गुणपत्रिकेवर पण होताच की, नापास म्हणून, तो बरा होता का?

फरक किती पडला? बरं झालंय असं म्हणणार नाही, बाई पण म्हणत नाहीत, आणि जे सेंटर तीन महिन्यांत बरं करतो म्हणतंय तिथं जाऊ नका. सुरुवातीला मिनिटाला 18 शब्द वाचायचा, आठ महिन्यांनी 41 झालेत. वर्गातली पोरं ह्याच्या कितीतरी पुढं आहेत. पण सोमवारचं पोटात दुखणं बंद आहे, शेवटचं कधी दुखलं ते आठवत पण नाही.

किरकोळ तक्रारी, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. तास चुकला तर निम्मे पैसे घेतात, आमचा एकदा पुराच्या पाण्यानं रस्ता बंद होता तेव्हा पण घेतले, नंतर बाईंनी एक तास जादा घेऊन फिटवलं ते वेगळं. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव मदर्स ग्रुप, मला घेतलं तर दोन दिवस सगळ्या गप्प होत्या. आणि त्यात सगळं टाइप करून पाठवतात, व्हॉइस मेसेज पाठवा म्हणलं तर आता मिसेस सोडून अजून दोघीतिघी पाठवतात, त्यातल्या एकीनं मला वेगळा मेसेज करून विचारलं भाऊ तुमचं पण तसंच आहे का.

गेल्या मंगळवारी सूर्यवंशींचा सबमर्सिबल तयार झाला. मी वार्निश सुकायला लावून जेवायला गेलो, येऊन बघतो तर सोन्यानं पुठ्ठ्याच्या टॅगवर नाव लिहून तारेनं बांधून ठेवलेलं. सुर्यवंशी. रफार बरोबर य च्या डोक्यावर. मी फोटो काढून मिसेसना पाठवला तर त्यांचा उलट मेसेज, सू दीर्घ पाहिजे. मला दिसलं नव्हतं, अजून पण फरक कळायला दोन वेळा बघायला लागतो. सूर्यवंशी आले, टॅग बघितला, पैसे दिले, पंप घेऊन गेले, त्यांना पण दिसलं नाही.

एक स्टार रिपोर्टचा कापलेला आहे. मराठीत द्यायला लागले की कळवा, पाच करतो.